काळ्या जमिनीतील गृहोद्यान व हिरवळ : लोहारा परिसरासंबंधी काही विचार

गृहोद्यान हा विषय सामान्यतः शोभेचा मानला जातो, आणि म्हणून त्याचा विचार घराचे बांधकाम पुरे झाल्यावर, उरलेल्या जागेपुरता होतो. यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहारा परिसरात हा क्रम उलटा असावयास हवा. येथील बागेचे भवितव्य माती आणि पाणी या दोन गोष्टींनी ठरते. रोपवाटिकेतील निवडीला त्यानंतरचे स्थान आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील जमीन मुख्यतः दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या झिजेतून झालेली आहे. सखल भागात ती खोल व काळीभोर असते, तर पठाराच्या उतारांवर मुरूम वर आलेली, उथळ, बरड अशी आढळते. खोल काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट या खनिजाचे सूक्ष्म पापुद्रे पाणी शोषून फुगतात व सुकल्यावर आकसतात. तीच जमीन श्रावणात चिखल होते आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंतीलगतची माती सतत भिजवीत राहिल्यास पायालाही धोका पोचतो. फुलझाडांचे वाफे भिंतीपासून निदान एक मीटर दूर ठेवावे, असे सांगण्याचे कारण हेच.

जमिनीची परीक्षा करण्यास प्रयोगशाळाच हवी असे नाही. अर्धा मीटर खोल खड्डा काढून तो पाण्याने भरावा. पाणी दुसऱ्या दिवशीही उभे राहिले, तर तेथे वाफे जमिनीपासून वीतभर उंच करावे आणि शेणखत वा कुजलेला पाचोळा सढळ हाताने मिसळावा. थोडीशी रेती टाकून काळी माती भुसभुशीत होते ही समजूत चुकीची आहे. बांधकामाच्या जागी राहिलेला चुना व सिमेंटचा राडारोडा मात्र अवश्य काढावा, कारण मुळात चुनखडीयुक्त व अल्कधर्मी असलेल्या मातीत त्याची भर पडते. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. मोगरा, गुलाब व लिंबू यांची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते याचे लक्षण होय. गृहस्थ ते तहानेचे लक्षण समजून अधिक पाणी घालतो. त्याने मुळांची हवा कोंडते व विकार वाढतो. येथे फेरस सल्फेटचा सौम्य फवारा व सेंद्रिय खत उपयोगी पडते.

आता हिरवळीकडे वळावयाचे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली आल्यानंतर साहेबांच्या बंगल्यांभोवती जी बाग आली, तिचे मूळ बारमाही पावसाच्या थंड देशातले. येथील पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून संपतो. गमतीची गोष्ट अशी की, येथे हिरवळीस सर्वांत योग्य ठरणारे गवत म्हणजे हरळी. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जी शेतातून खणून काढीत आला, आणि गणपतीपुढे दूर्वा म्हणून वाहत आला, तीच.

मे महिन्यात चांगली हिरवी राखलेली हरळी प्रत्येक चौरस मीटरमागे दिवसाला सुमारे ५ लिटर पाणी वापरते असे धरण्यास हरकत नाही. म्हणजे १०० चौरस मीटर हिरवळीस ५०० लिटर. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनने माणशी ५५ लिटरचे प्रमाण मानले आहे. त्या हिशेबाने एवढे पाणी नऊ माणसांचे होते. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह या धरणांतील साठा खालावून यवतमाळ शहराला तीव्र टंचाई सोसावी लागली. अशा गावाशेजारी हिरवळ राखणे हा केवळ मालकाच्या आवडीचा प्रश्न उरत नाही.

छपरावरील पाण्याचा हिशेब मांडून पाहिला तर १०० चौरस मीटर छपरावर ९०० मिलिमीटर पावसाचे ९०,००० लिटर पाणी पडते, व वाया जाणारे वगळता सुमारे ७०,००० लिटर हाती येते. मार्च ते मे या ९२ दिवसांची हिरवळीची गरज ४६,००० लिटर. आकडे जुळतात, परंतु तेवढे पाणी साठविण्यास ४६ घनमीटरचे टाके लागेल. ते सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचे आहे. हे पाणी गाळून विहिरीत वा कूपनलिकेजवळच्या शोषखड्ड्यात सोडणेच व्यवहार्य.

हरळीच्या स्वभावातच या अडचणीचे बरेचसे उत्तर आहे. पाणी तुटले की तिची पाने पिंगट होतात, परंतु जमिनीतील कांड्या जिवंत राहतात व पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटतात. पिवळी पडलेली हिरवळ मेलेली नसते. फाल्गुनानंतर ती तशी पडू द्यावी. बरड जमिनीत दोन-तीन आठवड्यांनी एखादे पाणी दिले तरी पुरते. त्या काळात तिच्यावर वर्दळ व कापणी नको. नवी लागवड उन्हाळ्यात जमीन खणून, कुंदा व लव्हाळा वेचून, जुलैत करावी. कापणी ३ ते ४ सेंटिमीटर उंचीवर ठेवावी. ओल्या काळ्या मातीवर रूळ फिरविणे म्हणजे तिची वीट पाडणे होय. दाट सावलीत हरळी टिकत नाही. कडुनिंबाखाली तिचा हट्ट धरू नये.

एकूण जागेपैकी हिरवळीला अंगणाचा लहान तुकडा द्यावा आणि उरलेली जागा सांदवाडीला. पश्चिमेस कडुनिंब किंवा आंबा असला म्हणजे दुपारचे ऊन अडते. शेवगा, कढीपत्ता व लिंबू पाणी थोडके मागतात. दोडका, कारले, वाल मांडवावर चढवावे. केळ व अळू यांची जागा जुन्या घरांतून न्हाणीच्या पाण्यावर असे, ती योजना आजही निर्दोष आहे. अंघोळीचे पाणी त्यांना चालते. कपडे धुण्याच्या पावडरचे पाणी मात्र वेगळे काढावे, कारण त्यातील सोडियमने काळ्या मातीची रचना मोडते, आणि पुढे पावसाचे पाणीही तीत जिरेनासे होते.