उकडलेल्या मसाला शेंगा : मीठ दाण्यापर्यंत कसं पोहोचतं?

भाद्रपद-आश्विनात बाजारात भुईमुगाच्या ओल्या शेंगांचे ढीग दिसायला लागले की घरोघरी कुकर चढतो. शेंगा उकडायच्या म्हणजे काय मोठंसं, पाण्यात मीठ टाकलं आणि शिट्ट्या काढल्या, असं वाटतं. पण खायला बसलं की टरफल खारट आणि दाणा अळणी! असं का होतं ते आज पाहू.

आधी भुईमुगाविषयी थोडं. आपण दाणे काजू-बदामांच्या पंगतीत बसवतो, पण भुईमूग हा मूग, तूर, हरभरा यांच्या कुळातला. त्याचं फूल जमिनीच्या वर येतं आणि फलन झाल्यावर तिथून एक दांडी खाली वाढत मातीत शिरते. शेतकरी या दांड्यांना आऱ्या म्हणतात. शेंग धरते ती मातीत. म्हणूनच टरफलाच्या जाळीत माती घट्ट बसलेली असते. तीन-चार पाण्यांनी चोळून धुवाच.

धुतानाच शेंगा निवडून घ्या, आणि इथे अजिबात काटकसर नको. काळ्या पडलेल्या, हिरवट-पिवळी बुरशी धरलेल्या किंवा कुबट वास येणाऱ्या शेंगा सरळ फेकून द्या. 'उकळल्यावर सगळं मरतं' असं घरात कुणीतरी म्हणतंच. बुरशी मरते हो, पण काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात आणि ते उकळल्याने जात नाही. यकृतासाठी ते फार घातक आहे.

आता कृती. अर्धा किलो शेंगा घ्या. प्रत्येक शेंग टोकाशी अंगठ्याने दाबून जराशी तडकवा, पूर्ण उघडू नका. कुकरमध्ये शेंगा बुडतील इतकं, म्हणजे साधारण एक-सव्वा लिटर पाणी, दोन मोठे चमचे मीठ, अर्धा चमचा हळद आणि ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या घाला. शेंगांत हवा असल्याने त्या वर तरंगतात, म्हणून वर एक छोटी ताटली उपडी ठेवा. तीन-चार शिट्ट्या काढून गॅस बारीक करा आणि दहा मिनिटं ठेवा. वाळलेल्या शेंगा असतील तर रात्रभर भिजवा आणि सहा-सात शिट्ट्या द्या.

खरी गोष्ट यापुढे आहे. वाफ गेली की आपण लगेच पाणी ओतून देतो, तिथेच चुकतं. कुकर निवत असताना शेंगेतली गरम हवा आणि वाफ आकसते आणि त्या जागी बाहेरचं खारं पाणी आत ओढलं जातं. शिवाय मीठ दाण्यात मुरायलाही वेळ लागतो. म्हणून शेंगा निदान तासभर त्याच पाण्यात राहू द्या. दर वीस मिनिटांनी एक फोडून चाखत चला. मीठ बरोबर लागलं की निथळा. (चाखता चाखता निम्म्या संपतात, हा धोका आहेच.)

मग मसाल्याचं काय? मीठ पाण्यात सहज विरघळतं, पण लाल तिखटातला तिखटपणा आणि हळदीचा रंग मुख्यतः तेलात उतरतो. त्यामुळे उकळताना कितीही तिखट टाका, ते बरंचसं टरफलावरच राहतं आणि आपल्या बोटांना लागतं. मसाला दाण्याला लागायला हवा असेल तर शेंगा सोलून गरम दाण्यांवर चमचाभर तेलाची जिरं-कढीपत्त्याची फोडणी घाला आणि गॅस बंद करून त्यातच तिखट टाका. वर बारीक कांदा, कोथिंबीर, चाट मसाला. लिंबू अगदी शेवटी पिळा. आंबट आधी पडलं तर दाणे लवकर मऊ होत नाहीत.

टरफलं मात्र खाणाऱ्यानेच उचलायची, टिळकांची गोष्ट सांगून सुटका नाही!

पाहुण्यांना देताना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते आधी विचारा, कारण उकडल्याने ती टळत नाही. अगदी लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. उरलेल्या शेंगा ओल्या असल्याने बाहेर लवकर आंबतात. निथळून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.