नवे विंडोज, जुने दप्तर

बर दुबईतील अल मनखूल या वस्तीत राहणाऱ्या मराठी माणसाला, संगणक बिघडला असता, फार दूर जाण्याची तसदी कधीच घ्यावी लागली नाही. एका अंगाला खालिद बिन अल वलीद रस्ता, जो बँकांच्या दाटीमुळे एके काळी बँक स्ट्रीट म्हणून ओळखला जाई आणि दुकानांवरच्या पाट्या पालटत गेल्या तसा लोकांच्या तोंडी कम्प्युटर स्ट्रीट झाला. दुसरीकडे मनखूल रस्त्यावरचे अल ऐन सेंटर, जिथे संगणकाच्या सुट्या भागांपासून दुरुस्तीपर्यंत सारे काही एका छपराखाली मिळे. या मुलखात गेल्या पंचवीस वर्षांत जी एक तक्रार नित्य ऐकू येत राहिली, ती म्हणजे ‘नवीन विंडोज मारलं, आणि आता डिस्क उघडत नाही’ ही. तक्रारीचे शब्द फारसे बदलले नाहीत. त्यांच्यामागचे संकट मात्र दर काही वर्षांनी पालटत गेले, आणि माझ्या मते ते एकाच दिशेने पालटले. यंत्र जसजसे व्यवस्थित आणि सावध होत गेले, तसतशी त्याच्या गबाळेपणातून आपल्याला आयती मिळणारी सवलत आटत गेली.

ही सवलत कशी मिळत होती, ते आधी सांगितले पाहिजे. डिस्कवरचा मजकूर आणि त्या मजकुराची नोंद या दोन भिन्न वस्तू आहेत. तलाठ्याच्या दप्तराला आग लागली म्हणून शेत जळत नाही. फक्त कोणते शेत कोणाचे आणि त्याच्या चतुःसीमा कोणत्या, हे सांगणारे काही उरत नाही. डिस्कच्या अगदी पहिल्या खंडात, ५१२ बाइटांच्या जागेत, १९८३ सालच्या डॉस २.० पासून असे एक कोष्टक ठेवण्याचा प्रघात पडला. त्या कोष्टकाच्या वाट्याला अवघे ६४ बाइट येतात: सोळा-सोळा बाइटांच्या चार नोंदी, आणि प्रत्येक नोंदीत डिस्कचा अमुक भाग कोठून सुरू होतो व किती लांब आहे, हा मुख्य तपशील. त्या भागाच्या पोटात पुन्हा दुसरे दप्तर, पूर्वी फॅट पद्धतीचे, आणि १९९३ च्या विंडोज एनटीपासून एनटीएफएस पद्धतीचे, ज्यात प्रत्येक फाइलमागे बहुधा एक किलोबाइटाचा एक उतारा असतो आणि त्या उताऱ्याच्या आरंभी ‘फाइल’ हा शब्द रोमन अक्षरांत खुणेसारखा कोरलेला असतो. नवे विंडोज टाकताना फॉरमॅट केले, की नव्या दप्तराची पहिली काही पाने लिहिली जातात आणि बाकी सारी जागा रिकामी असल्याचे जाहीर होते. ती रिकामी नसते. जुने उतारे आणि जुना मजकूर, नव्या फाइली वर येऊन पडेपर्यंत, जिथल्या तिथे शाबूत असतात.

डॉसच्या काळात तर नोंद खोडण्याची रीत याहूनही ढिसाळ होती. फाइल पुसली म्हणजे तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलले जाई आणि तिची जागा मोकळी म्हणून नोंदली जाई, मजकुराला हात लागत नसे. पीटर नॉर्टन याने १९८२ साली आपल्या उपकरणसंचात पुसलेली फाइल परत आणण्याची सोय दिली ती याच ढिसाळपणाच्या भरवशावर, आणि १९९१ च्या एमएस-डॉस ५ मध्ये तर अनडिलीट व अनफॉरमॅट असे दोन हुकूमच मूळ प्रणालीत दाखल झाले. केलेला फॉरमॅट मागे घेण्याची तजवीज खुद्द कारखान्यानेच करून ठेवावी, ही गोष्ट आजच्या पिढीला दंतकथेसारखी वाटेल.

मनखूलच्या दुकानांतली खरी वर्दळ सुरू झाली ती विंडोज एक्सपीच्या अमदानीत, म्हणजे २००१ नंतर. संगणक जरा मंद झाला, एखादा व्हायरस शिरला, की ‘फॉरमॅट मारून टाका’ हा सल्ला डॉक्टरने क्रोसिन लिहून द्यावी तितक्या सहजतेने दिला जाई आणि तितक्याच सहजतेने घेतला जाई. सी ड्राइव्हवर विंडोज आणि डी ड्राइव्हवर आपला डेटा, अशी वाटणी तंत्रज्ञ करून देत. पण गिऱ्हाईक मात्र पत्रे, फोटो आणि हिशेब डेस्कटॉपवर किंवा माय डॉक्युमेंट्समध्ये ठेवी, आणि ही दोन्ही ठिकाणे सी ड्राइव्हच्या हद्दीत येतात हे त्याला फॉरमॅट झाल्यावरच कळे. तरीही गेलेल्यापैकी पुष्कळसे परत मिळे, कारण एक्सपीला बस्तान मांडायला दीड गिगाबाइटाच्या आसपास जागा पुरे, आणि चाळीस किंवा ऐंशी गिगाबाइटांच्या डिस्कवर एवढ्याने फारसे काही झाकले जात नसे.

त्याच काळातला एक प्रकार मात्र विशेष आडमुठा होता, आणि तो जवळून पाहण्याचा योग मला आला. एक्सपीची मूळ आवृत्ती डिस्कवरच्या खंडांचे पत्ते २८ द्विमान अंकांत लिही. म्हणजे २६ कोटी ८४ लाख ३५ हजार ४५६ खंड, दर खंडी ५१२ बाइट, एकंदर १३७ गिगाबाइट. त्यापलीकडची जमीन तिच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. सप्टेंबर २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने ही मर्यादा उठवली, पण बाजारात आणि घरोघरच्या खणांत पडलेल्या जुन्या सीड्या काही कोणी फेकून दिल्या नाहीत. आमच्या इमारतीतले एक सातारकर गृहस्थ, व्यवसायाने हिशेबनीस, यांच्या संगणकात १६० गिगाबाइटांची दुसरी डिस्क होती. तिच्यावर टॅलीतले हिशेब आणि धाकट्या मुलीच्या बारशाचे चित्रण. कोणा तंत्रज्ञाने जुन्या सीडीवरून पहिल्या डिस्कवर विंडोज टाकून दिले, दुसऱ्या डिस्कला त्याने हातही लावला नव्हता, आणि तरी संध्याकाळी तिच्यावर टिचकी मारताच पडद्यावर पृच्छा उमटली की, ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करावी काय? या प्रश्नाला घाबरून ‘हो’ म्हणणारी माणसे त्या काळी थोडी नव्हती. आमच्या हिशेबनिसांनी, व्यवसायाला साजेशा संशयी वृत्तीने, ‘नको’ म्हटले आणि संगणक बंद केला; पुढचे सारे या नकारामुळे साधले.

ज्या मल्याळी तंत्रज्ञाकडे डिस्क गेली, त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: “साब, इसके बाद कुछ कॉपी तो नहीं किया?” ‘नाही’ हे उत्तर मिळाल्यावरच त्याने चिमट्याने डिस्कमागचा जंपर उचलून स्लेव्हच्या जागी बसवला, नवा सर्व्हिस पॅक असलेल्या आपल्या संगणकाला ती जोडली, आणि आधी तिची खंडन्‌खंड नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली. मूळ डिस्कवर प्रयोग करायचे नाहीत, जे करायचे ते नकलेवर, हा त्या धंद्यातला कुलाचार. मग टेस्टडिस्क नावाचा कार्यक्रम चालू झाला, जो क्रिस्तॉफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थाने लिहून जगाला फुकट दिलेला आहे. काळ्या पडद्यावर आकडे सरकत राहिले. वरवरच्या शोधात काही निष्पन्न झाले नाही, तेव्हा खोल शोध लावला, आणि पुष्कळ वेळाने एक हिरवी ओळ उमटली. त्या ओळीवर येऊन त्याने पी हे अक्षर दाबले, तशी हरवलेल्या भागातील फोल्डरांची यादी खाली उलगडली. तीत टॅली होते, बारसे होते. डिस्कच्या आरंभीचा काही मजकूर गेला तो गेलाच, कारण मर्यादेपलीकडे लिहू पाहणाऱ्या विंडोजचा पत्ता फिरून पुन्हा पहिल्या खंडांवर येऊन आदळतो आणि तिथे जे असेल ते झाकून टाकतो. उरलेले बहुतेक हाती आले.

डिस्क दिसते, फोल्डरही दिसते, पण आत पाऊल टाकू देत नाही, असाही एक प्रकार होता, आणि त्यात दोन पोटभेद होते जे वरून हुबेहूब सारखे दिसत. पहिल्यात नव्या विंडोजला जुना मालक ओळखू येत नसे. मग फोल्डरची मालकी आपल्या नावे करून घेतली की दार उघडे. दुसऱ्यात मालकाने, बहुधा हौसेने, विंडोज २००० पासून मिळू लागलेली सांकेतिक कुलपाची सोय वापरलेली असे. अशा फाइलींची नावे एक्सपीमध्ये हिरव्या अक्षरांत दिसत, आणि त्यांची किल्ली जुन्या विंडोजमधल्या वापरकर्त्याच्या खात्यात असे. फॉरमॅटमध्ये ते खाते गेले म्हणजे किल्लीही गेली. बाइटन्‌बाइट समोर हजर, आणि उपयोग शून्य! त्या वेळी हा अपवाद समजला जाई.

मराठी माणसाच्या वाट्याला याखेरीज एक स्वतंत्र फेरा येई, ज्याची दखल परक्या भाषांतल्या मार्गदर्शकांनी घेतलेली मला आढळली नाही. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम, यांच्या आधारे लिहिलेला त्या काळचा मराठी मजकूर वस्तुतः रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली देवनागरी चित्रे असे. डिस्कवरून एखाद्या मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर परत मिळवावा, हर्षभराने उघडावा, आणि पडद्यावर स्वल्पविराम, डॉलर आणि रोमन अक्षरांचा कचरा यावा! फाइल निर्दोष असे. नव्या विंडोजबरोबर फॉन्ट तेवढे गेलेले असत. तो फॉन्ट पुण्याहून कोणी पाठवीपर्यंत तंत्रज्ञाला दोष देत बसलेले लोक मी पाहिले आहेत. युनिकोडात लिहिणाऱ्यांना हा त्रास नव्हता, पण एक्सपीत देवनागरी नीट जुळून दिसावी म्हणून जटिल लिप्यांच्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांच्या पर्यायावर खूण करावी लागे. गंमत अशी की, अरबी व देवनागरी या दोन्ही लिप्यांसाठी खूण एकच होती. त्यामुळे अरबी गिऱ्हाइकासाठी सज्ज केलेल्या संगणकावर मराठी आपोआप नांदे, आणि मुंबईहून आणलेल्या संगणकावर कधी कधी नांदत नसे.

नावांचा प्रश्नही इथेच सांगून टाकतो. दप्तर पूर्ण गेलेले असले तर फाइलींचा शोध त्यांच्या आरंभीच्या खुणेवरून घ्यावा लागे, आणि अशा रीतीने ग्रेनिए यांच्याच फोटोरेकने बाहेर काढलेल्या फाइलींना नावे नसत, फक्त क्रमांक असत. फोटोंच्या पोटात तारीख असल्यामुळे लग्न आणि मुंज वेगळी करता येई. पत्रे मात्र एकेक उघडून वाचल्यावाचून गत्यंतर नसे.

२००७ सालच्या व्हिस्टाबरोबर परिस्थितीने वळण घेतले. एका बाबतीत ती सुधारली: फॉरमॅट न करता नवे विंडोज टाकले तर जुना संसार विंडोज.ओल्ड या फोल्डरात उचलून ठेवला जाऊ लागला, आणि डेटा गेला म्हणून हवालदिल झालेल्या कित्येकांना तो तिथे जसाच्या तसा सापडला. दुसरीकडे, पूर्ण फॉरमॅट जो एक्सपीत केवळ खराब खंडांची तपासणी करी, तो आता डिस्कभर शून्ये लिहू लागला. आणि नव्या भाडेकरूचा पसाराही वाढला. व्हिस्टाला १५ गिगाबाइट मोकळी जागा हवी, विंडोज ११ ला ६४ गिगाबाइटांची डिस्क. दीड गिगाबाइटाखाली जे सहज वाचत असे, ते या बोजाखाली वाचणे कठीण.

पण निर्णायक फेरफार केला तो फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर मजकूर साठवणाऱ्या एसएसडीने. २००९ च्या विंडोज ७ पासून ट्रिम नावाचा संदेश रूढ झाला, ज्यायोगे फॉरमॅट होताच विंडोज एसएसडीला कळवते की अमुक खंडांची आता गरज नाही, आणि एसएसडी आपल्या सवडीने ते खरोखर मोकळे करून टाकते. त्यानंतर ते खंड वाचू गेले असता बहुधा शून्येच हाती येतात. नोंद पुसणे आणि जिन्नस नष्ट होणे यांच्यामध्ये पूर्वी जो काही दिवसांचा, प्रसंगी काही वर्षांचा अवधी असे, तो मिनिटांवर आला. टेस्टडिस्क तेच आहे, तंत्रज्ञही कदाचित तेच असतील. खोल शोधात सापडण्याजोगे काही उरलेले नसते. ॲपलच्या टी२ चिपच्या यंत्रांत तर साठवण मुळातच सांकेतिक आणि किल्ली चिपमध्ये, तेव्हा तिथे बोलणेच खुंटले.

विंडोजच्या जगातही एक्सपीच्या हिरव्या अक्षरांचा तो अपवाद आता नियम होऊ पाहतो आहे. अवघ्या डिस्कला सांकेतिक कुलूप घालणारे बिटलॉकर व्हिस्टापासून होते, पण ते बहुधा मागून घ्यावे लागे. २०२४ च्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून नव्याने प्रणाली टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की डिस्क बहुतेक यंत्रांवर आपणहून कुलूपबंद होते. चोरीला गेलेल्या लॅपटॉपच्या दृष्टीने ही तजवीज उत्तम, यात वाद नाही. पण बिटलॉकर लावलेला डी ड्राइव्ह जुन्या विंडोजला आपोआप उघडून मिळत असला, तरी त्या विंडोजची जागा नव्याने घेताच तो ४८ अंकी रिकव्हरी की मागतो, आणि ती नसेल तर अवघी डिस्क निर्दोष असूनही वाचता येत नाही.

हिशेबनिसांना याची झळ अधिक. संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०१८ पासून पाच टक्के व्हॅट लागू झाला, आणि त्याबरोबर हिशेबाची कागदपत्रे निदान पाच वर्षे जपण्याचे बंधनही आले. म्हणजे जो डेटा पूर्वी हळहळण्याचा विषय होता तो आता जाब देण्याचा झाला. अनेकांनी तो क्लाउडवर हलवला, आणि दुकानांतली गर्दी ओसरली ती काही अंशी त्यामुळेही. जे अजून डिस्क घेऊन येतात त्यांना काउंटरवर “कुछ कॉपी तो नहीं किया” असे आता आधी विचारले जात नाही, आधी विचारतात, “की है क्या?” ती शोधू गेले असता पुष्कळदा अशा खात्यात निघते, जे लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानातल्या कोणीतरी घाईघाईने उघडून दिलेले असते, आणि ज्याचा पासवर्ड ना गिऱ्हाइकाला ठाऊक असतो, ना त्या काउंटरवर आज बसलेल्या नव्या माणसाला.