अभ्यासाचे हेडफोन आणि आपले कान



दहावी-बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या घरात सध्या एक मागणी हमखास ऐकू येते. "आई, नॉईज कॅन्सलिंगवाला हेडफोन घेऊन दे ना." दहा बाय बाराची खोली, एका भिंतीपलीकडे टीव्ही, दुसऱ्या भिंतीपलीकडे पिठाची गिरणी, दारासमोर नळ आणि नळावरची रोजची भांडणं. अशा जागी बसून पुस्तक वाचणाऱ्या पोरीची ही मागणी चैनीची म्हणून उडवून लावता येत नाही. बाबासाहेबांनी परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यास केला, हे आपण मुलांना सांगतो. पण रात्री सगळी चाळ झोपल्यावर त्यांना अभ्यासाला बसावं लागे, हे सांगायचं राहून जातं. शांतता ही अभ्यासाची गरज आहे, आणि वस्तीत ती कोणी फुकट देत नाही.

प्रश्न पैशाचा आहे, तसा कानाचाही आहे. पाच-दहा हजार रुपये म्हणजे अनेक घरांत महिन्याचा किराणा आणि भाडं, किंवा बचत गटाचं कर्ज. म्हणून मधल्या किमतीचे दोन हेडफोन आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत पंधरा दिवस फिरते ठेवले. एक सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन, दुसरा जेबीएलचा ट्यून ७७०एनसी. दोन्ही २०२३ साली बाजारात आले, दोन्ही बिनवायरचे आणि पूर्ण कान झाकणारे. सोनीचा साधारण आठ ते दहा हजारांत मिळतो, जेबीएलचा पाच ते सात हजारांत. सणासुदीच्या सेलमध्ये दोघांचाही भाव उतरतो, त्यामुळे घाई असेल तरच मधल्या दिवसांत घ्यावा.

आवाज "मारतो" म्हणजे काय करतो?

दुकानदार सांगतो, "घातला की एकदम शांत." तसं होत नाही. हेडफोनच्या बाहेर बारीक माईक असतात. ते बाहेरचा आवाज ऐकतात, आतली चिप त्याच्या बरोबर उलटी लाट तयार करते आणि दोन लाटा एकमेकींना खोडतात. हे एका सेकंदाच्या अगदी छोट्या भागात व्हावं लागतं. म्हणून सतत एकसारखा चालणारा, खालच्या पट्टीतला आवाज उत्तम खोडला जातो. पंख्याची घरघर, गिरणीचा गुरगुराट, जनरेटर, बसचं इंजिन, लोकलची धडधड. अचानक येणारे, वरच्या पट्टीतले आवाज मात्र निसटतात. कुकरची शिट्टी, बाळाचं रडणं, रिक्षाचा हॉर्न, शेजारच्या काकूंची हाक. ते आवाज जेवढे कमी होतात, ते बहुतेक कानावरच्या जाड गादीमुळे.

अभ्यासिकेतल्या मुलांचा अनुभवही हाच. गिरणीच्या बाजूला बसणाऱ्यांना दोन्ही हेडफोन आवडले. नळाच्या बाजूच्या खोलीतल्या मुलीने दोन दिवसांत परत आणून दिला. म्हणाली, "ताई, गिरणी गेली, पण भांडण आता जास्तच स्पष्ट ऐकू येतं." तिचं म्हणणं बरोबर होतं. मागची घरघर गेली की बोलणं उठून कानावर येतं. तुमच्या घरातला त्रास माणसांच्या आवाजाचा असेल, तर एवढे पैसे टाकण्याआधी दोनदा विचार करा.

दोघांत डावं-उजवं

घरघर कमी करण्यात सोनी थोडा पुढे आहे. फरक आहे, पण फार मोठा नाही. खरा फरक डोक्यावर कळतो. सोनीचं वजन १९२ ग्रॅम, जेबीएलचं सुमारे २३२. आकड्यात चाळीस ग्रॅम म्हणजे काहीच नाही. पण सलग तीन तास एमपीएससीचा सराव करताना मानेला आणि कानाच्या पाळीला ते जाणवतं. जेबीएलची पकड घट्ट आहे; चष्मा लावणाऱ्या दोन मुलांनी काडी कानामागे टोचते अशी तक्रार केली. चष्मेवाल्यांनी दुकानात किमान दहा मिनिटं घालून बसल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

जेबीएलची बाजू बॅटरीची आणि किमतीची. आवाज मारण्याची सोय चालू ठेवून कंपनीच्या आकड्याप्रमाणे ४४ तास चालतो, बंद ठेवून ७०. सोनीचे आकडे ३५ आणि ५०. रोज चार तास धरले तर दोन्ही आठवडाभर पुरतात, म्हणून बॅटरीवरून निवड करण्यात मला फार अर्थ दिसत नाही. ज्या वस्त्यांत वीज जाते-येते तिथे दुसरी गोष्ट कामाची आहे. पाच मिनिटं चार्ज केला की जेबीएल सुमारे तीन तास चालतो, तीन मिनिटांत सोनी एक तास. दोघांसोबत वायर येते, त्यामुळे बॅटरी संपली तरी ऐकणं थांबत नाही. जेबीएल घडी होऊन छोटा होतो. सोनीचे कानपट्टे फक्त सपाट फिरतात, दप्तरात पुस्तकांखाली दबण्याची भीती जास्त. पावसापासून संरक्षण दोघांनाही नाही. पत्रा गळत असेल तर फळीवर उघडे ठेवू नका.

गाण्यासाठी जेबीएलचा ठोका जोरकस आहे, तरुणांना तो आवडतो. लेक्चर आणि धम्मप्रवचन ऐकायला सोनी स्वच्छ वाटला. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात दोन्ही गरम होतात, कान घामेजतात. त्याला इलाज नाही.

माझं मत विचाराल तर अभ्यासासाठी, रोज दोन-तीन तासांपेक्षा जास्त घालणार असाल आणि पैसे जमत असतील तर सोनी. कर्ज काढून घेणार असाल तर जेबीएलच्या पुढे जाऊ नका. आणि केमिस्टकडे मिळणारे फोमचे मऊ बोळे आधी आठवडाभर वापरून पाहा. ते काही रुपयांत येतात, चार्जिंग लागत नाही आणि नुसत्या वाचनासाठी पुष्कळांना पुरेसे होतात. बोटाने दाबून बारीक करायचे, हलकेच कानात सरकवायचे, फुगेपर्यंत धरून ठेवायचे. मळले की फेकायचे.

फुटपाथवर सात-आठशे रुपयांत मोठ्या कंपनीचं नाव छापलेला माल मिळतो. डब्यावर "एएनसी" लिहिलेलं असतं, आत तशी सोय नसते. तो कानाला घट्ट बसत नाही, मग मुलं आवाज वाढवतात आणि तिथून खरी भानगड सुरू होते.

आवाजाचा हिशेब

आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात हजारो सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाची लाट आली की त्या डोलतात आणि मेंदूला निरोप जातो. सततच्या मोठ्या आवाजाने त्या थकतात, मग मरतात. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. म्हणून आवाजाने आलेल्या बहिरेपणावर गोळी किंवा थेंब नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा अशी. मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबल आवाज ४० तासांपर्यंत ऐकावा. लहान मुलांसाठी ७५ डेसिबल, ४० तास. पुढचा नियम महत्त्वाचा आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. ८३ ला आठवड्याचे २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच. करत करत १०१ डेसिबलला आठवडाभरात जेमतेम वीस मिनिटं उरतात.

आवाज मारणाऱ्या हेडफोनचा आरोग्याला खरा फायदा इथेच आहे. साधा इअरफोन घालून लोकलमध्ये बसलेला मुलगा धडधडीच्या वर आवाज नेण्यासाठी व्हॉल्यूम शेवटाला नेतो. धडधड आधीच कमी झाली तर अर्ध्या आवाजात लेक्चर नीट ऐकू येतं. पण हेडफोन घेऊनही व्हॉल्यूम पूर्वीइतकाच ठेवला तर पैसेही गेले आणि कानही. फोनचा आवाज ६० टक्क्यांच्या खाली ठेवायचा, तासाभराने दहा मिनिटं हेडफोन काढून ठेवायचा. हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाला तुमचं गाणं ऐकू येत असेल तर ते जास्त आहे. आणि हेडफोन लावून झोपू नका.

हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी किंवा गुणगुण ऐकू येणं, बोलणं दबल्यासारखं वाटणं, समोरच्याला पुन्हा पुन्हा "काय?" म्हणणं ही लक्षणं आहेत. एका रात्रीत गेलं म्हणून सोडून देऊ नका. अचानक एका कानाने ऐकू येणं बंद झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, उशीर झाला की उपचाराचा उपयोग कमी होतो. सरकारी मोठ्या रुग्णालयांत ऐकण्याची तपासणी होते. मुंबईकरांसाठी वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे; १९८३ पासून ती याच कामासाठी चालते. आजी-आजोबांना ऐकू येत नाही म्हणून त्यांच्यासाठी हेडफोन घ्यावा का, असंही दोघा-तिघांनी विचारलं. नाही. त्यांची तपासणी करून घ्या, लागलं तर श्रवणयंत्र घ्या. हेडफोन त्याची जागा घेत नाही.

ज्याचा कान वाहतो, दुखतो किंवा पडद्याला भोक आहे, त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय कान झाकणारं काहीही घालू नये. आत बोळे तर नाहीच. अभ्यासिकेत एकच हेडफोन चार जण वापरत असतील तर प्रत्येकाने सुती रुमालाचा तुकडा गादीवर टाकावा आणि नंतर गादी कोरड्या फडक्याने पुसावी. घामट गादीतून कानाच्या नळीचा बुरशीचा त्रास एकाचा दुसऱ्याला होऊ शकतो. काडेपेटीची काडी आणि गरम तेल, हे दोन घरगुती उपाय मात्र आता आपल्या घरांतून गेलेच पाहिजेत.

रस्त्यावर, सायकलवर आणि विशेषतः रुळांजवळ हे हेडफोन घालू नका. गाडीची धडधड खोडण्यासाठीच ते बनवले आहेत. दोघांतही बाहेरचा आवाज आत सोडण्याची सोय आहे, पण रूळ ओलांडताना त्या बटणाच्या भरवशावर राहायचं नाही. आधी हेडफोन गळ्यात, मग पाऊल.

आता थोडं कडू. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या मुलांनी विचारलं, "हा हेडफोन घालून नाचलो तर कान वाचतील का?" नाही वाचणार. हा हेडफोन कानाचं संरक्षण करणारं साधन म्हणून बनवलेला नाही, आणि डीजेचा दणका त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. स्पीकरजवळ आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो, म्हणजे आठवड्याचा वाटा वीस मिनिटांत संपतो. मिरवणूक चार-पाच तास चालते. खांद्यावर बसवलेलं दोन वर्षांचं लेकरू तर स्वतःहून बाजूला होऊ शकत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद ठेवायचा आहे. काही ठरावीक दिवशी राज्य सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ही सूट वेळेची आहे, कानाची नाही. हे नियम सगळ्यांच्या सणांना सारखे आहेत, आणि दुसऱ्यांच्या मिरवणुकीबद्दल तक्रार करताना आपण ते पाठ म्हणून दाखवतो.

काही वस्त्यांत जयंती मंडळांनी डीजेचा खर्च कमी करून त्या पैशांतून अभ्यासिकेला पुस्तकं घेतली आहेत. त्यातच दोन चांगले हेडफोन आणि फोमच्या बोळ्यांचा एक डबा बसू शकतो. वहीत नाव लिहून दोन-दोन तासांसाठी द्यायचे, रात्री कपाटात चार्जिंगला लावायचे. एका घराला जे आठ हजार जड जातात, ते वीस घरांत विभागले की चारशेवर येतात.

घेताना बिल मागून घ्या, दोन्ही कंपन्यांची वॉरंटी एक वर्षाची आहे आणि बिलाशिवाय ती मिळत नाही. ऑनलाईन घेतलात तर विक्रेत्याचं नाव तपासा. डबा आणि वायर जपून ठेवा. वर्ष-दीड वर्षात कानाच्या गादीचं कातडं सोलायला लागतं; तेव्हा अख्खा हेडफोन टाकू नका, नुसत्या गाद्या वेगळ्या विकत मिळतात.