मापाचं आणि मानाचं

आषाढात लालबागच्या पुलाखालून परळच्या दिशेनं चालत निघालं की पावसाच्या ओलाव्यात प्लॅस्टरचा कोरडा, खडूसारखा वास येऊ लागतो. ताडपत्री आणि पत्रे ठोकून उभारलेले उंच मांडव, दारात पांढऱ्या पावलांचे ठसे, आत घमेली, काथ्याच्या गुंड्या, रंगाचे डबे. परांचीवर एक कारागीर मांडी घालून बसलेला असतो. त्याच्यापुढे भिंतीएवढं कपाळ आणि हातभर लांबीचा डोळा. खाली पाटावर मात्र तोच गणपती मातीचा, दोन फुटांचा. वरचा माणूस मधूनच मान वळवून त्या छोट्याकडे बघतो आणि पुन्हा मोठ्याच्या भुवईला हात घालतो.

लालबाग-परळच्या कारखान्यांतलं खरं कसब या मान वळवण्यात आहे. लहानाचं मोठं करताना काय वाढवायचं, किती वाढवायचं आणि काय मुळीच वाढवायचं नाही, याचा निर्णय तिथे होत असतो. या धंद्याशी काही संबंध नसलेली एक जमात हेच गणित उलट्या बाजूनं सोडवते. लढाऊ विमानांच्या वैमानिकांच्या बोटभर प्रतिमा घडवणारे आणि रंगवणारे हे छांदिष्ट. एकाला सहा फुटांच्या माणसाचा इंच करायचा असतो, दुसऱ्याला दोन फुटांच्या देवाचे बावीस फूट. दोघांना शेजारी बसवलं तर एकाच्या अडचणीतून दुसऱ्याचं काम नीट कळतं.

लालबागमध्ये उंची आली ती टप्प्याटप्प्यानं. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० पासूनचा, गणेश गल्लीचं मंडळ १९२८ चं. पेरू चाळीजवळचा बाजार बंद पडल्यावर कोळी आणि छोट्या व्यापाऱ्यांनी हक्काच्या जागेसाठी नवस केला, जागा मिळाली आणि १९३४ मध्ये लालबागचा राजा बसला. पुढच्याच वर्षापासून त्याची मूर्ती कांबळी कुटुंबाकडे आहे. गिरणगावाचा हा उत्सव गिरणी कामगारांच्या वर्गणीवर वाढला, तरी मूर्ती बराच काळ माणसाच्या आवाक्यातल्या होत्या. १९७७ मध्ये गणेश गल्लीच्या सुवर्णमहोत्सवाला दीनानाथ वेलिंग यांनी बावीस फुटांची मूर्ती उभी केली आणि लालबागचं मापच बदललं. परळच्या विजय खातू यांनी पुढे भव्य मूर्तींची स्वतंत्र ओळख घडवली. २०१७ मध्ये ते गेल्यावर त्यांची कन्या रेश्मा हिनं कारखाना हाती घेतला.

बावीस फूट ऐकायला सोपं वाटतं. दोन फुटांच्या मॉडेलवरून ती मूर्ती करायची तर उंची अकरापट होते. पण रंगवायचं अंग अकरापट होत नाही, ते एकशे एकवीसपट होतं. आणि मूर्ती भरीव ठेवली तर वजन जातं तेराशे एकतीसपटीवर. मोठा गणपती म्हणजे फुगवलेला छोटा गणपती नव्हे, हे या हिशेबातून कळतं. शाडूची घरगुती मूर्ती भरीव किंवा जाड भिंतीची चालते. तीच माती बावीस फुटांवर नेली तर ती आपल्याच भारानं खचेल, सुकताना तडकेल. म्हणून आत लाकडाचा, लोखंडाचा सांगाडा येतो आणि वर काथ्या प्लॅस्टरमध्ये भिजवून त्याचे थर बसतात. प्लॅस्टर नुसतं असेल तर ठिसूळ. काथ्या त्याला धरून ठेवतो. मूर्ती आतून पोकळ राहते. बाहेरून ज्याचं पोट डोंगराएवढं दिसतं, त्याच्या आत माणूस उभा राहून काम करू शकतो.

मग प्रश्न येतो नजरेचा. मूर्तिशास्त्रात मुखाची लांबी म्हणजे एक ताल, त्याची बारा अंगुलं. अनेक देवतांच्या मूर्ती नवतालाच्या, गणपती पंचतालाचा. पाच मुखांएवढी उंची म्हणजे जवळजवळ लहान मुलाची ठेवण. त्याचं बाळरूप आपल्याला भावतं ते उगाच नाही. पण भाविक उभा असतो खाली, मूर्तीच्या पायाशी. तिथून वर पाहताना मुख लांब जातं, आक्रसतं आणि पोट पुढे येतं. मॉडेलवर कंपास लावून घेतलेली मापं तशीच वर चढवली तर बारीक डोक्याचा, अवाढव्य पोटाचा गणपती दिसेल. म्हणून उंच मूर्तीचं मुख हिशेबापेक्षा थोडं मोठं ठेवतात, मान किंचित पुढे झुकवतात, बुबुळं खाली आणतात. पट्टीनं मोजलं तर चूक, डोळ्यांनी पाहिलं तर बरोबर. माप बदललं की खोटं बोलण्याची रीतही बदलावी लागते.

आता टेबलाशी या. वैमानिकांच्या प्रतिमांचं एक रूढ माप एकास बहात्तर. त्यात एक इंच म्हणजे सहा फूट, म्हणजे अख्खा माणूस एका इंचात बसतो. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचं आणि आपलं विमान आभाळात ओळखता यावं म्हणून सैनिकांना दाखवायच्या प्रतिकृती याच मापाच्या होत. एकास अठ्ठेचाळीसमध्ये तोच माणूस दीड इंचाचा, एकास बत्तीसमध्ये सव्वादोन इंचांचा होतो. खेळण्यातल्या शिशाच्या सैनिकांचं चोपन्न मिलिमीटरचं जुनं माप याच्या जवळचं. विल्यम ब्रिटन या इंग्रज कंपनीनं १८९३ पासून आतून पोकळ सैनिक ओतायला सुरुवात केली, तेव्हापासून ते रुळलं. आतून पोकळ! वजन आणि पैसा वाचवायला इंग्लंडातल्या कारखानदारानं शिशाचं जे केलं, तेच लालबागनं प्लॅस्टरचं केलं.

गणेश गल्लीची बावीस फुटांची मूर्ती एकास बहात्तरात आणली तर चार इंचांच्या आत मावेल. तिच्या पायाशी उभा केलेला वैमानिक एक इंचाचा. त्याचं डोकं साडेतीन मिलिमीटरचं, डोळा अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक.

त्या वैमानिकाच्या आतही सांगाडा असतो, पण पितळी तारेचा, सुईएवढ्या जाडीचा. त्यावर दोन भाग कालवून घट्ट होणारी इपॉक्सी पुटी चढते. आधी उघडं शरीर, मग त्यावर कपडे. आत गुडघा कुठे आहे हे कळल्याशिवाय पँटची चुणी खरी पडत नाही. इथे अडचण उलटी. गणवेशाचं कापड खरोखर मिलिमीटरभर जाडीचं असेल, तर बहात्तरपट लहान झाल्यावर ते केसाहूनही पातळ व्हायला हवं. तेवढं पातळ काही करताच येत नाही. साध्या कागदाची पट्टी कापून पॅराशूटचा पट्टा म्हणून चिकटवली, तर ती खऱ्या मापात सात मिलिमीटर जाड फळी ठरते. म्हणून कसबी माणूस पट्ट्याची जाडी घडवत नाही, पट्ट्याची सावली घडवतो. कडेला एक खोल रेघ कोरतो, बाकीचं काम रंगावर सोडतो.

रंग हेच दोघांमधलं सर्वांत मोठं अंतर. मोठ्या मूर्तीला सावली रंगवावी लागत नाही. सोंडेखाली, कानाच्या पाळीमागे, बोटांच्या फटीत ती आपसूक पडते. स्प्रे गननं अंगकांती एकसारखी मारली तरी दिव्यांखाली मूर्तीला घडणीचा उठाव येतो. इंचभर माणसावर मात्र प्रकाश नुसता घसरून जातो. घड्या इतक्या उथळ, की खोलीतल्या उजेडात सगळा सपाट ठोकळा दिसतो. म्हणून सूर्य डोक्यावर आहे असं धरून वरच्या बाजू उजळायच्या, खालच्या गडद करायच्या, घड्यांच्या तळाशी पातळ केलेला काळपट रंग सोडायचा, गालाचं हाड आणि नाकाचा शेंडा हलक्या थेंबानं उचलायचा. एकीकडे सावली दिव्याची, दुसरीकडे कुंचल्याची.

आणि ओळख? इंचभर प्रतिमेवर कुणाचा चेहरा येणार! तिथे खुणांवर भागतं. डोक्यावर चामड्याची टोपी आणि छातीवर पिवळं तरंगतं जाकीट दिसलं, की दुसऱ्या महायुद्धातला वैमानिक. पांढरं हेल्मेट, लोंबणारी प्राणवायूची नळी, पायांना घट्ट बसलेला हिरवट पोशाख, की जेटयुगातला. महिंदरसिंग पुज्जी १९४० मध्ये ब्रिटनमध्ये हरिकेन विमानं उडवायला गेले, तेव्हा त्यांनी विमानातही पगडी सोडली नाही. त्यांची प्रतिमा करायची तर पगडीवरून बसवलेले हेडफोन मुळापासून घडवावे लागतात, तयार डोकं चालत नाही. मुंबईत जन्मलेले, १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात महावीर चक्र मिळवलेले आणि पुढे १९७६ ते १९७८ या काळात हवाई दलप्रमुख झालेले हृषीकेश मुळगावकर तरुणपणी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. त्यांची बोटभर प्रतिमा करणाऱ्याला एकाच माणसाचे दोन पोशाख अभ्यासावे लागतील, आघाडीवरच्या वैमानिकाचा आणि दलप्रमुखाचा.

खुणेवर ओळखणं आपल्यालाही नवं नाही. दिवाळीच्या आधी लालबाग-दादरच्या फुटपाथवर मावळे विकायला येतात. मातीचे, प्लॅस्टरचे, बोटाएवढे. पगडी, ढाल, उगारलेली तलवार एवढं दिसलं की मावळा झाला. नाक कसं आहे हे कुणी विचारत नाही. घरी आणून ते मातीच्या किल्ल्यावर मांडले जातात. बुरूज मावळ्याच्या कमरेला लागतो, तोफ त्याच्या पायाएवढी असते आणि सिंहासनावरचे महाराज तर अख्ख्या बालेकिल्ल्याहून मोठे. मोजपट्टी घेऊन बसणाऱ्या छांदिष्टानं हा किल्ला पाहिला तर कपाळावर हात मारेल. पण आपल्या कुठल्याही पोराला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही. ते पट्टीचं माप नाही, मानाचं माप आहे. जो मोठा, तो मोठा दिसणार.

लालबागच्या मांडवात हेच माप चालतं. गणपती पंधरा फुटांचा, बाजूचे सेवक माणसाएवढे, उंदीर कधी मांजराएवढा तर कधी वासराएवढा. २०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर आणि २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर राज्यभर मंडळांच्या देखाव्यांत वैमानिक आले. या देखाव्यांतला वैमानिक असतो माणसाच्या उंचीचा, विमान मात्र रिक्षाएवढं. एकास बहात्तरवाला म्हणेल, हे माप कुठलं? उत्तर सोपं आहे. विमान देखाव्याच्या मापाचं, वैमानिक आपल्या मापाचा आणि देव मानाच्या मापाचा. एका मांडवात तीन मापं सुखानं नांदतात.

२०२० मध्ये मात्र सरकारी पट्टी आली. करोनामुळे सार्वजनिक मूर्ती चार फुटांची आणि घरगुती दोन फुटांची, एवढीच परवानगी. लालबागच्या राजाच्या मंडळानं त्या वर्षी मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला. बावीस फुटांवर हात बसलेल्या कारागिरांना चार फुटांत उतरावं लागलं. वर पाहणाऱ्याच्या नजरेसाठी मोठं केलेलं मुख चार फुटांवर बटबटीत वाटतं. खोटं बोलण्याची सवय मोडावी लागते. वाद प्लॅस्टरवरही होता. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं त्याच्या मूर्तींवर बंदी घातली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मूर्ती घडवायला वाट दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला परवानगीची अट ठेवली. पुढच्याच महिन्यात सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या, असं ठरलं. सहा फूट म्हणजे माणसाएवढी उंची, बहात्तरात एक इंच. प्लॅस्टर गेलं तर शाडू किती फुटांवर उभी राहील, हा लालबागपुढचा प्रश्न श्रद्धेइतकाच वजनाचा आहे.

इंचभर वैमानिक घडवणारा माणूस पट्टीचा कैदी, आणि लालबागचा मूर्तिकार मानाचा मोकळा उपासक, असं वरवर वाटतं. पण मग तो छांदिष्ट जाकिटाच्या आतल्या बाजूचं बक्कल का करतो? प्रतिमा विमानाच्या कॉकपिटात बसली की ते कधीच दिसणार नसतं. जे उडाले आणि ज्यांतले कित्येक परतले नाहीत, त्यांच्या अंगावर ते बक्कल होतं, म्हणून ते करायचं. त्याच्यापुरता मान म्हणजे माप चुकू न देणं.

दोघांच्याही कामात डोळे शेवटी येतात. कारखान्यात त्याला आखणी म्हणतात, आणि ती नवशिक्याच्या हाती देत नाहीत. बावीस फुटांवर आखणीची रेघ खांद्यातून ओढली जाते, अख्खा हात फिरतो. टेबलावर ती बोटांच्या टोकांतून येते, मनगट लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून. रेघ पुरी होईपर्यंत दोघंही श्वास धरून ठेवतात.