दोन गोळ्यांचा हिशेब

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या भीमपूर मंडळापलीकडे पैनगंगा आणि पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ. दोन्ही काठांवर कापूस आणि तूर, दोन्हीकडे मराठी, गोंडी, कोलामी बोलणारी घरे, आणि दोन्हीकडे सिकलसेल. गोंड, परधान, कोलाम समाजांत तो आहेच, विदर्भात अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीयांतही आहे. या आजाराच्या रुग्णाला दवाखान्यातून बहुधा दोन गोळ्या मिळतात. एक फॉलिक अ‍ॅसिडची, दुसरी हायड्रॉक्सीयुरियाची. पहिली नव्या पेशींसाठी कच्चा माल पुरवते, तर दुसरी त्याच पेशींच्या वाढीला लगाम घालते. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्याने अडवायचे, हा कसला उपचार, असे कोणीही विचारेल. विचारण्यासारखेच आहे. पण शरीर न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीएनए आणि आरएनएचे घटक, कसे घडवते, परत कसे वापरते आणि मोडते कसे, हे पाहिले की विसंगती राहत नाही, आणि ज्या गोळीची लोकांना भीती वाटते तीच का सोडू नये हेही कळते.

आधी आजार पाहू. बोटाला सुई टोचून घेतलेला रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात. त्यातले डायथायोनाइट हिमोग्लोबिनचा ऑक्सिजन काढून घेते. रक्त साधे असेल तर नळीतले पाणी स्वच्छ लाल राहते आणि मागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा आरपार दिसतात. सिकल हिमोग्लोबिन असेल तर ते विरघळत नाही, नळी गढूळ होते, रेघा दिसेनाशा होतात. वाहकाचे रक्तही गढूळ होते, म्हणून वाहक कोण आणि ग्रस्त कोण हे एचपीएलसी तपासणीवर ठरते. या गढूळपणाचे मूळ जनुकातल्या एका न्यूक्लिओटाइडमध्ये आहे. बीटा ग्लोबिनच्या जनुकात एका जागी अ‍ॅडेनिनऐवजी थायमिन आले, त्यामुळे प्रथिनात ग्लुटामिक अ‍ॅसिडच्या जागी व्हॅलिन बसले, आणि ऑक्सिजन सोडताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दांडे तयार होऊ लागले. पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लवकर फुटते.

या पेशी घडतात हाडांच्या मगजात, आणि न्यूक्लिओटाइडचा सगळा व्यवहार तिथे एकाच ठिकाणी पाहायला मिळतो. प्रौढ माणसात दर सेकंदाला सुमारे 20 लाख लाल पेशी तयार होतात. प्रत्येक पेशी जन्मण्याआधी डीएनएची पूर्ण प्रत काढावी लागते, आणि काम झाले की ती पेशी आपले केंद्रक चक्क बाहेर टाकते. शेजारी बसलेली भक्षक पेशी ते गिळते आणि त्यातला डीएनए विकरांनी तोडते. एका केंद्रकात सुमारे साडेसहा पिकोग्रॅम डीएनए असतो, म्हणजे ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागाच्या साडेसहा पट. ऐकायला नगण्य वाटते. पण दिवसाला 17,000 कोटींहून जास्त पेशी धरल्या तर रोज एक ग्रॅमहून अधिक डीएनए नुसत्या लाल पेशींच्या कारखान्यात मोडला जातो. एवढा माल रोज फेकून देणे शरीराला परवडणारे नाही, कारण तो नव्याने घडवणे महाग आहे. न्यूक्लिओटाइडमधल्या प्युरिनचे कडे बांधायला ग्लायसीन, ग्लुटामिन, अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड, कार्बन डायऑक्साइड आणि फोलेटने आणून दिलेले दोन कार्बन लागतात. पाच कार्बनच्या साखरेवर एकेक तुकडा जोडत दहा टप्प्यांनी ते पुरे होते आणि दर काही टप्प्यांवर एटीपीच्या रूपात ऊर्जा खर्ची पडते. उलट मोडलेल्या न्यूक्लिओटाइडमधले तयार हायपोझँथिन किंवा ग्वानिन उचलून साखरेवर बसवायला एक विकर आणि एक टप्पा पुरतो. म्हणून बराच माल परत कामाला लागतो आणि उरलेल्या प्युरिनचे युरिक अ‍ॅसिड होऊन ते मुख्यतः लघवीवाटे जाते. ही परतफेरी किती मोलाची आहे ते लेश-नायहान या दुर्मीळ आजारात दिसते. परतफेरीचे ते एक विकर जन्मतः नसले की युरिक अ‍ॅसिडचा पूर येतो, मेंदूवर परिणाम होतो आणि मुले स्वतःचेच ओठ, बोटे चावू लागतात.

आता हा व्यवहार सिकलसेलच्या रुग्णात पाहा. साधी लाल पेशी 120 दिवस जगते, सिकल पेशी साधारण 10 ते 20 दिवस. ही तूट भरायला मगजाला कितीतरी पट वेगाने पेशी काढाव्या लागतात. परतफेरी कितीही चोख असली तरी वाढीव मागणी जुन्या मालावर भागत नाही, नवा माल घडवावा लागतो, आणि तिथे फोलेट लागते. प्युरिनच्या कड्यालाही लागते आणि थायमिनला मिथाइल गट देण्यासाठीही. ते कमी पडले की डीएनएची प्रत अर्धवट राहते, पेशी फुगते पण विभागत नाही. या पोषक घटकाचा माग प्रथम मुंबईतच लागला. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना ल्युसी विल्स यांनी गरोदर स्त्रियांमधला मोठ्या पेशींचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो हे दाखवले आणि 1931 मध्ये ते प्रसिद्ध केले. पुढे तो घटक फोलेट म्हणून ओळखला गेला. म्हणून पहिली गोळी हवीच. मात्र ‘रक्त कमी आहे’ एवढ्यावरून लोहाची गोळी किंवा टॉनिक सुरू करणे चूक आहे. फुटलेल्या पेशींतले लोह शरीरातच राहते, रक्त चढवले की आणखी साचते. लोहाचा साठा सांगणारे फेरिटिन तपासून कमतरता दिसली तरच लोह द्यावे.

मग दुसरी गोळी अडवते ते काय? आरएनएच्या न्यूक्लिओटाइडमधल्या साखरेचा एक ऑक्सिजन काढला की डीएनएचे न्यूक्लिओटाइड मिळते. हे काम रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे विकर करते. त्याच्या गाभ्यात लोहाशेजारी टायरोसिनचा एक अस्थिर कण असतो आणि हायड्रॉक्सीयुरिया नेमका तोच विझवते. डीएनएचा माल कमी येतो, मगजाची घाई मंदावते, आणि ज्या पेशी निघतात त्यांत गर्भातल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते. हे हिमोग्लोबिन सिकलच्या दांड्यात बसत नाही, दांडा तुटक राहतो, पेशी जास्त दिवस टिकते. म्हणजे फोलेट कच्चा माल अपुरा पडू देत नाही आणि हायड्रॉक्सीयुरिया शेवटचा दरवाजा अर्धा लोटते. दोघांचे काम वेगवेगळ्या टप्प्यांवर आहे, आणि पेशी जास्त टिकल्या की मगजावरचा तगादाही उतरतो.

पहिला आक्षेप: हे तर कॅन्सरचे औषध. खरे आहे, रक्ताच्या कॅन्सरात ते वापरतात. पण अमेरिका आणि कॅनडातल्या 299 प्रौढांवरच्या चाचणीत वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आले, निष्कर्ष 1995 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्या रुग्णांचा सतरा वर्षांहून अधिक पाठपुरावा केल्यावरही कॅन्सर वाढल्याचे दिसले नाही. 2019 मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या मुलांच्या अभ्यासात मृत्यू, वेदना, इतकेच काय मलेरियाही कमी आढळला. आदिलाबादच्या जंगलपट्ट्यासाठी हे शेवटचे लक्षात घेण्याजोगे आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भारतीय सिकलसेलच्या रुग्णांत गर्भातले हिमोग्लोबिन मुळातच जास्त असते, मग औषधाची गरज काय? काहींना नसेलही. पण वारंवार वेदना होणारी, रक्त चढवावे लागणारी मुले मध्य भारतात भरपूर आहेत. नागपूरच्या डॉक्टरांनी अशाच मुलांना किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम, म्हणजे कमी आणि ठराविक मात्रा दिली आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत झटके आणि रक्त चढवणे दोन्ही घटले. जादा मात्रेची शर्यत इथे नको, हेही त्यातून निघते.

तिसरा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही त्याच न्यूक्लिओटाइडवर वाढतात, त्यामुळे त्याही घटू शकतात. गरोदरपणात हे औषध टाळतात, पुरुषांत शुक्रजंतू कमी होऊ शकतात, आणि लग्नाच्या वयातल्या मुलामुलींना हे आधी सांगायलाच हवे. औषध थांबवले की पेशींची संख्या बहुधा एकदोन आठवड्यांत सावरते, पण ती घटली हे कळायला तपासणी हवी. 2023 च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तेलंगणही आहे आणि तिच्यात 7 कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले गेले. तपासणीने रुग्ण सापडतो, पण गोळी चालू राहते ती रक्ताच्या नियमित मोजणीवर. सुरुवातीला महिन्याला आणि मग दोन-तीन महिन्यांनी सीबीसी करायची, एवढेच काम आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून आणि गाडीभाडे भरून आईने त्यासाठी दर वेळी आदिलाबादचे मोठे रुग्णालय गाठावे, ही अपेक्षा चुकीची आहे. रक्ताचा नमुना गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेतला जावा, अहवाल तिथेच यावा आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्याही तिथेच मिळाव्यात.