लाइटसेबर खरा बनू शकतो का? चमकणाऱ्या तलवारीच्या आत नेमकं काय असतं?

गेल्या दिवाळीत मी मलकापूरला घरी गेलो होतो. आपलं कराडजवळचं मलकापूर, बुलढाण्याचं नाही. दहावीतला मामेभाऊ घरीच 'स्टार वॉर्स'मधला लाइटसेबर बनवत होता. मोठ्या अभिमानाने त्याने एक सेल माझ्या हातात ठेवला. "दादा, ऑनलाइन घेतला. ९९०० एमएएच!"

तो सेल मी लगेच बाजूला ठेवायला लावला. का, ते शेवटी सांगतो. त्याआधी ही तलवार कशाची बनते ते समजून घेऊ.

सिनेमातली तलवार कशाची होती?

पहिला 'स्टार वॉर्स' आला १९७७ साली. ल्यूकच्या तलवारीची मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा होता. सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चन यांना तो लंडनमधल्या एका फोटोच्या दुकानात सापडला. पात्याच्या जागी होती लाकडी काठी, तिच्यावर प्रकाश परत फेकणारं कापड. हायवेवरचे बोर्ड रात्री गाडीच्या लाइटमध्ये चमकतात ना, तोच प्रकार. पण पडद्यावर ही चमक पुरेशी दिसेना, म्हणून नंतर एकेका फ्रेमवर हाताने प्रकाश रंगवला गेला. २०१५ च्या 'द फोर्स अवेकन्स'मध्ये मात्र सेटवरच खऱ्याखुऱ्या उजळणाऱ्या तलवारी वापरल्या गेल्या.

मग खरा लाइटसेबर का बनत नाही?

पहिली अडचण अशी, की प्रकाश थांबत नाही. टॉर्च लावली तर तिचा झोत तीन फुटांवर कापल्यासारखा संपत नाही. आणि दोन टॉर्चचे झोत एकमेकांवर आपटले तरी टणत्कार होत नाही, ते आरपार निघून जातात.

म्हणून बरेच जण म्हणतात, पातं प्रकाशाचं नाही तर प्लाझ्माचं असेल. प्लाझ्मा म्हणजे इतका तापलेला वायू, की त्यातल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. आकाशातली वीज म्हणजे प्लाझ्माच. फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपबाहेर 'प्लाझ्मा कटिंग'चा बोर्ड तुम्ही पाहिला असेल. त्या मशीनमध्ये प्लाझ्माचं तापमान २०,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं आणि लोखंडी प्लेट सरळ कापली जाते. पण ती ज्वाला नोझलपासून थोड्याच अंतरावर पसरून विझते. तिला तीन फूट लांब आणि सरळ ठेवायचं तर भोवती जबरदस्त चुंबकीय क्षेत्र लागेल. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' नावाच्या यंत्रात प्लाझ्मा असाच चुंबकाने धरून ठेवतात, आणि त्यासाठी अख्खा हॉल भरेल एवढी यंत्रणा लागते. मुठीत कुठे मावणार?

दुसरी अडचण ऊर्जेची. एक किलो लोखंड वितळवायला साधारण १० लाख ज्यूल लागतात. टॉर्चमधल्या चांगल्या लिथियम सेलमध्ये असतात सुमारे ४० हजार. म्हणजे थोडीही ऊर्जा वाया गेली नाही असं धरलं, तरी एका किलोला २५ सेल! सिनेमातला जाडजूड दरवाजा तर सोडूनच द्या.

कॅनडातल्या 'हॅकस्मिथ' टीमने २०२० मध्ये प्रोपेन आणि ऑक्सिजन जाळून लांब ज्वालेची तलवार बनवली. ती धातू कापते, पण गॅसचे सिलिंडर पाठीवर घ्यावे लागतात. आणि ज्वाला ती ज्वालाच, तिच्यावर वार अडवता येत नाही.

विकत मिळणाऱ्या तलवारीत काय असतं?

कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आजोबांच्या पिढीने वापरलाय. ज्योत वाऱ्याने फडफडू नये म्हणून तिला काचेत ठेवायचं, ही त्याची आयडिया. इथेही प्रकाशाला नळीत ठेवलेलं असतं, पण ती नळी मारामारीत टिकायला हवी.

- पातं: पॉलीकार्बोनेटची नळी. अ‍ॅक्रिलिक दिसायला तसंच असतं, पण जोरात आपटलं की तडकतं आणि धारदार तुकडे उडतात. पॉलीकार्बोनेट वाकतं, सहसा फुटत नाही. हेल्मेटच्या काचाही याच्याच असतात. आत प्रकाश सगळीकडे सारखा पसरवणारी दुधी फिल्म असते.
- मूठ: अ‍ॅल्युमिनियम. हलकं, लेथवर सहज कापलं जातं आणि एलईडीची उष्णता बाहेर टाकतं.
- उजेड: स्वस्त मॉडेलमध्ये मुठीत एकच मोठा एलईडी. महागात नळीभर छोट्या एलईडीची पट्टी. प्रत्येक एलईडीला वेगळी आज्ञा देता येते, म्हणून पातं मुठीतून 'बाहेर येताना' दिसतं.
- आवाज: फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, गेममध्ये फोन हलवून नेम धरता येतो, त्यामागचेच सेन्सर इथे असतात. तलवार किती वेगाने फिरली ते बघून बोर्ड 'व्हूऽऽम' वाजवतो.

आता त्या सेलची गोष्ट

या तलवारीत १८६५० नावाचा सेल असतो: जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५. एवढ्या आकारात सहसा ३५००-३६०० एमएएचपर्यंतच मावतात. मग ९९०० कुठून आले? फक्त लेबलवर! चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. आम्ही वाण्याच्या डिजिटल काट्यावर भावाचा सेल ठेवला, तर ३१ ग्रॅम.

एलईडीच्या दोन लांब पट्ट्या एका रंगातही ५ अँपिअरच्या आसपास करंट ओढू शकतात. हलका सेल एवढ्या करंटला तापतो, आणि बंद मुठीत तापलेला लिथियम सेल पेट घेऊ शकतो. ती मूठ तुमच्या हातात असते, हे विसरू नका.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. सेल नामांकित कंपनीचा, प्रोटेक्शन सर्किट असलेला घ्या आणि तो किती अँपिअर देऊ शकतो ते बघा. नळी पॉलीकार्बोनेटचीच आहे ना, हे विक्रेत्याला विचारा. आणि 'लेझर तलवार' म्हणून कुणी जळणारा लेझर विकत असेल तर हात लावू नका. डोळ्याचा पडदा एकदा भाजला की भरून येत नाही.

भावाने सेल बदलला. तलवार आता ३००० एमएएचवर चालते, आणि एकदम झकास चालते. तुमच्या ग्रुपमध्येही कुणी ९९०० एमएएचवाला असेल, तर त्याला आधी काट्यावर वजन करायला सांगा!