आधी प्रॉपेलर, मग मोटर

इलेक्ट्रिक ग्लायडरची मोटर उड्डाणातला फार थोडा वेळ चालते. मॉडेल हातातून सुटले की वीस-तीस सेकंदांत शंभर-दीडशे मीटर उंची गाठायची, मोटर बंद करायची आणि मग तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा, म्हणजे थर्मल, शोधत जमेल तितका वेळ तरंगायचे, असा त्याचा क्रम असतो. मोटर थांबली की प्रॉपेलरची दोन्ही पाती बिजागरीवर मागे वळून नाकाच्या दोन बाजूंना मिटून बसतात. यंत्रणा दिसायला साधी आहे, पण तिच्यासाठी मोटर निवडताना बहुतेक नवशिके एकाच आकड्यापासून सुरुवात करतात: मोटर किती केव्हीची? हा प्रश्न चुकीचा नाही, फक्त त्याची वेळ शेवटची आहे. ग्लायडर किती वेगाने उडतो आणि किती वेगाने चढायला हवा, यावरून प्रॉपेलर ठरतो. प्रॉपेलर किती फेऱ्यांनी फिरवायचा, यावरून केव्ही आणि बॅटरी ठरते. एवढे झाल्यावर मोटर निवडायला फारसे काही उरत नाही. हा क्रम उलटा केला की महागडी मोटर घेऊनही मॉडेल रडतखडत चढते, किंवा जोमाने चढते आणि तिसऱ्या-चौथ्या उड्डाणात मोटर जळते.

पाती मिटायलाच का हवीत, ते आधी पाहू. दोन मीटर पंखविस्ताराचा, एक किलो वजनाचा ग्लायडर सेकंदाला नऊ मीटर वेगाने तरंगत असेल आणि पंधरा मीटर पुढे जाताना एक मीटर खाली येत असेल, तर हवा त्याला साधारण ०.६५ न्यूटन बळाने मागे ओढत असते. त्याच्या नाकावर नऊ इंची प्रॉपेलर उघड्या पात्यांनी नुसता थांबून राहिला, तर ढोबळ हिशेबाने त्याचा एकट्याचा विरोध ०.२ न्यूटनच्या आसपास जातो. म्हणजे बाकीच्या सबंध विमानाच्या विरोधाचा जवळपास तिसरा हिस्सा. तो वाऱ्याने फिरत राहिला तर हा आकडा आणखी वाढू शकतो. मिटलेल्या पात्यांनी हा भार बराचसा नाहीसा होतो. शिवाय ग्लायडरला चाके नसतात, तो पोटावर उतरतो. न मिटणारा प्रॉपेलर पहिल्याच उतरण्यात गवतात मोडेल, आणि तो वाचवायचा तर व्यास लहान ठेवावा लागेल. मिटणाऱ्या पात्यांमुळे ही अडचण सुटते आणि व्यास हवा तितका मोठा घेता येतो. ग्लायडरसारख्या सावकाश उडणाऱ्या विमानाला मोठा आणि संथ फिरणारा प्रॉपेलरच मानवतो, कारण पुष्कळ हवा थोड्या वेगाने मागे ढकलण्यात थोडी हवा जोरात ढकलण्यापेक्षा कमी ऊर्जा वाया जाते.

आता गरज मोजू. हाच एक किलोचा ग्लायडर सेकंदाला पाच मीटर चढावा, म्हणजे अर्ध्या मिनिटात दीडशे मीटर जावा, अशी अपेक्षा धरली तर नुसते वजन उचलायला सुमारे ४९ वॅट लागतात. हवेच्या विरोधासाठी आणखी सहा-सात वॅट. म्हणजे उपयोगी पडणारी शक्ती साधारण ५६ वॅट. या वेगाला प्रॉपेलर आपल्याला मिळालेल्या शक्तीपैकी साठ-बासष्ट टक्के कामी लावतो. म्हणून मोटरच्या दांड्यावर ९० वॅट हवेत. छोटी मोटर पंचाहत्तर टक्के कार्यक्षम धरली, तर बॅटरीतून १२० वॅट काढावे लागतील. एक किलोच्या मॉडेलला आरामात वर न्यायला एवढे पुरते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. मोटरच्या जाहिरातीत चारशे-पाचशे वॅट वाचून आलेल्या माणसाला हा आकडा क्षुल्लक वाटणारच. पण तो जाहिरातीतून आलेला नाही, वजन आणि उंची यांच्या हिशेबातून आलेला आहे.

या ९० वॅटचे काय करायचे, ते प्रॉपेलरवरचे दोन आकडे ठरवतात. ‘९×५’ यातला पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे एका फेरीत पाते स्क्रूसारखे जेवढे पुढे सरकले असते ते अंतर. मिनिटाला ८६०० फेऱ्यांनी फिरणाऱ्या पाच इंच पिचच्या प्रॉपेलरचा पिच-वेग सेकंदाला सुमारे १८ मीटर होतो. ग्लायडर चढताना सेकंदाला अकरा मीटरने उडत असेल, तर पिच-वेग त्याच्या दीड ते दोन पट असणे योग्य. त्याहून कमी असला तर पाती हवेला पुरेसे ढकलत नाहीत. फार जास्त असला तर पाती हवा फाडत राहतात आणि मोटरवर नाहक ताण येतो. पिच अशी वेगावरून ठरते आणि व्यास शक्तीवरून, मात्र व्यासाशी सांभाळून वागावे लागते. प्रॉपेलर फिरवायला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते. नऊ इंचांऐवजी दहा इंची प्रॉपेलर त्याच फेऱ्यांनी फिरवायचा तर शक्ती जवळपास १.७ पट लागते आणि अकरा इंचीला २.७ पट. ‘एकच इंच तर वाढवला’ म्हणणाऱ्याच्या मोटरमधून धूर निघतो तो या पाचव्या घातामुळे.

आता केव्हीकडे येऊ. केव्ही म्हणजे मोटरवर कसलाही भार नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेऱ्या होतात ते. हे मोटरच्या ताकदीचे माप नव्हे. एकाच आकाराच्या मोटरमध्ये तारेचे वेढे कमी-जास्त करून केव्ही बदलता येते, पण तिची उष्णता सोसण्याची कुवत आणि लोखंड-तांब्याचे वजन तेच राहते. सायकलच्या गिअरसारखे हे आहे: गिअर बदलल्याने पायांतले बळ वाढत नाही, ते चढावर लावायचे की सपाटीवर एवढेच ठरते. आपल्या ९×५ प्रॉपेलरला ८६०० फेऱ्या हव्यात. तीन सेलची लिपो बॅटरी भाराखाली साधारण १०.८ व्होल्ट देते. मोटरच्या अंतर्गत रोधात एखादा व्होल्ट जातो, उरतात सुमारे दहा. म्हणून केव्ही नऊशेच्या आसपास हवी. तोच प्रॉपेलर दोन सेलवर फिरवायचा तर केव्ही तेराशेच्या घरात लागते आणि प्रवाह अकरा अँपियरवरून सतराच्या आसपास जातो. दोन्ही जोड्या बरोबर आहेत. चूक होते ती तेराशे केव्हीची मोटर तीन सेलवर त्याच प्रॉपेलरला जोडली की. फेऱ्या १.४ पट आणि शक्ती कागदावर जवळपास तिप्पट! बॅटरीचे व्होल्टेज बसल्यामुळे प्रत्यक्षात काही कमी, तरी ३०० वॅट धरायला हरकत नाही. या दोन स्थितींतला फरक उष्णतेत पाहावा. १२० वॅटवर मोटरमध्ये ३० वॅट उष्णता होऊन अर्ध्या मिनिटात ५० ग्रॅमची मोटर सरासरी चाळीस अंशांनी तापते, आणि तरंगताना पुन्हा निवते. ३०० वॅटवर कार्यक्षमताही घसरते, शंभरेक वॅट उष्णता होते आणि तेवढ्याच वेळात तापमान दीडशे अंशांनी वाढू शकते. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे कायमचे दुबळे होऊ लागतात. ग्लायडरच्या अरुंद नाकात हवा खेळायला जागाही नसते.

यावर पहिला आक्षेप असा की जास्त शक्ती असली तर बिघडले कुठे? ग्लायडर पंधरा सेकंदांत वर जाईल आणि बॅटरीही वाचेल. यात थोडे तथ्य आहे. चढताना ग्लायडर स्वतःच्या खाली येण्याच्या वेगाशीही झगडत असतो. तो सेकंदाला ०.६ मीटर धरला, तर पाच मीटरने चढताना सुमारे दहा टक्के शक्ती तिकडे जाते आणि दहा मीटरने चढताना पाचेक टक्के. म्हणजे दुप्पट शक्तीने वाचते ती ऊर्जा पाच टक्क्यांच्या आसपास. त्याच्या बदल्यात जड मोटर, जड बॅटरी आणि मोटरचा वेग सांभाळणारा जड कंट्रोलर उड्डाणभर वाहून न्यावे लागतात. मॉडेल एक किलोचे १.२ किलो झाले, तर त्याचा खाली येण्याचा वेग जवळपास दहा टक्क्यांनी वाढतो आणि लहान थर्मलमध्ये घट्ट वळणे घेणे अवघड होते. अर्ध्या मिनिटाच्या सोयीसाठी अर्ध्या तासाचे नुकसान होते. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या एफ५जे स्पर्धेने तर हा विचार नियमातच उतरवला आहे. तिथे मोटर जास्तीत जास्त ३० सेकंद चालवता येते आणि गाठलेल्या उंचीचा दंड बसतो: २०० मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा गुण, त्यापुढे दर मीटरला तीन गुण. साहजिकच स्पर्धक बेताची शक्ती आणि हलके वजन यांच्या मागे असतात. उलट एफ५बी या वेगाच्या स्पर्धेत मोटरी काही किलोवॅटच्या आणि प्रॉपेलर मोठ्या पिचचे असतात, कारण तिथे उडण्याचा वेगच कितीतरी जास्त आहे. दोन्हीकडे नियम तोच लागू पडतो: वेग आधी, प्रॉपेलर नंतर, मोटर त्यानंतर.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. उत्पादक मोटरसोबत प्रॉपेलरचा तक्ता देतात, संगणकावर हिशेब करणारी साधनेही आहेत, मग एवढा खटाटोप कशाला? ही साधने जरूर वापरावीत, पण चाळणी म्हणून. बरेचसे तक्ते बाकावर मोटर बांधून, वजनकाट्यावर खेच मोजून केलेले असतात. बाकावर हवा स्थिर असते, उडताना ती सेकंदाला अकरा मीटरने समोरून येत असते. ९×३ प्रॉपेलर बाकावर चांगली खेच दाखवेल, पण ८६०० फेऱ्यांना त्याचा पिच-वेग अकरा मीटरच आहे, त्यामुळे हवेत त्याची खेच फार थोडी उरते. फार मोठ्या पिचच्या प्रॉपेलरचे उलटे होते. बाकावर त्याची पाती हवा नीट पकडत नाहीत, प्रवाह भरपूर घेतात, आणि हवेत गेल्यावर सुधारतात. जागेचाही फरक पडतो. समुद्रसपाटीच्या १५ अंशांच्या प्रमाण हवेशी तुलना केली, तर पुण्याच्या उंचीवर एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांत हवा सुमारे १३ टक्के विरळ असते. तितक्याच फेऱ्यांना प्रॉपेलरची खेच तेवढी कमी भरते आणि मोटरवरचा भारही. युरोपातल्या थंड हवेत जुळवलेली जोडी इथे थोडी ढिली पडते, ती अशी. शिवाय मिटणाऱ्या प्रॉपेलरची पाती ज्या मधल्या तुकड्याला जोडतात, तो वेगवेगळ्या लांबीचा मिळतो. तो पाच मिलिमीटर लांब घेतला की व्यासही पाच मिलिमीटरने वाढतो, आणि पात्याचा बिजागरीजवळचा कोन सरकल्याने पिचही किंचित बदलते. पात्यावर छापलेला आकडा अशा वेळी अंदाजापुरता असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत सच्चा आहे. ग्लायडरचे नाक तीस-पस्तीस मिलिमीटर रुंद असते आणि त्यात मावेल तीच मोटर घ्यावी लागते. कधी घरात पडलेलीच मोटर वापरायची असते. मग मोटर आधी ठरली, नाही का? ठरली खरी, पण म्हणून प्रॉपेलरची गरज बदलत नाही. बारीक मोटर वेगाने फिरते आणि मोठा प्रॉपेलर सावकाश फिरवायचा असतो, म्हणून मध्ये गिअरबॉक्स घालतात. गिअरबॉक्स हीच प्रॉपेलर आधी ठरल्याची पावती आहे. हे आजचे शहाणपण नव्हे. जर्मनीत फ्रेड मिलिट्की यांनी ग्राउप्नर कंपनीसाठी घडवलेले ‘सिलेंटियस’ हे इलेक्ट्रिक मॉडेल १९६० मध्ये बाजारात आले. तेव्हाच्या दुबळ्या मोटरी आणि जड बॅटऱ्या घेऊन ते उडू शकले, कारण छोटी कार्यक्षम मोटर गिअरमार्फत तुलनेने मोठा प्रॉपेलर फिरवत होती. आज स्लोव्हेनियात विकसित झालेल्या एफईएस या व्यवस्थेत खऱ्या, माणूस बसणाऱ्या ग्लायडरच्या नाकावर एक मीटर व्यासाचा मिटणारा प्रॉपेलर असतो. आकार बदलला तरी तत्त्व तेच राहिले. घरातली मोटर वापरणाऱ्यानेही हाच हिशेब उलट्या बाजूने करावा: तिची केव्ही पाहून सेल ठरवावेत, फेऱ्या काढाव्यात आणि त्या फेऱ्यांना योग्य पिच-वेग देणारी पाती घ्यावीत. या सगळ्या जोडणीत पाती हीच सर्वांत स्वस्त वस्तू आहे, तेव्हा बदल करायचा तर तिथेच करावा.

जुळणीचा एक भाग कंट्रोलरमध्ये असतो आणि तो बरेचदा विसरला जातो. मोटर बंद केली तरी समोरच्या वाऱ्याने प्रॉपेलर फिरत राहिला, तर केंद्रोत्सारी बलामुळे पाती उघडीच राहतात. त्यासाठी कंट्रोलरमधला ब्रेक चालू करावा लागतो. फिरणे थांबले की हवा स्वतःच पाती मागे दाबते. गिअरबॉक्स असेल तर ब्रेक सौम्य ठेवावा, नाहीतर दाते झिजतात. सुरुवातही हळू हवी, कारण एका झटक्यात उघडलेली मोठी पाती बिजागरीच्या पिनांवर आघात करतात. एखादे पाते मोडले तर जोडीच बदलावी. दोन पात्यांच्या वजनात थोडा फरक असला, तरी त्या फेऱ्यांना सगळे नाक थरथरू लागते.

शेवटचा निकाल मात्र मोजून लावायचा. बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यामध्ये वॅटमीटर लावून जमिनीवर काही सेकंद पूर्ण शक्तीने मोटर चालवावी. आपल्या उदाहरणात तो १२० किंवा त्याहून थोडे अधिक वॅट दाखवील, कारण हवेत भार उतरतो. त्याने १८० दाखवले, तर व्यास एका इंचाने कमी करावा. नंतर उंचीमापक बसवून अर्धा मिनिट चढावे. वॅट बरोबर आणि उंची दीडशेच्या आसपास असेल तर जोडी जुळली. वॅट बरोबर असूनही उंची शंभरच भरली, तर शक्ती चुकीच्या वेगात खर्च होते आहे. अशा वेळी पिच बदलून पाहावी. मॉडेल पोहत असल्यासारखे मंद चढत असेल आणि पिच-वेग उडण्याच्या वेगाला टेकला असेल, तर पिच वाढवून व्यास किंचित घटवावा. पिच-वेग दुपटीच्या पुष्कळ वर असेल, तर याच्या उलट करावे. या दोन मोजमापांनंतरही मोटर गरम होत असेल, तर मात्र मोटर बदलण्याचा विचार खुशाल करावा. तोपर्यंत दोष तिचा नसतो.